गुणवंता कधीच खोकत नाही

आमच्या वाडीतल्या एका सुनेला नुकताच क्षय निघाला. तिची सासू भर दुपारी माझ्याकडे आली, उंबऱ्याबाहेरच टेकली आणि म्हणाली, "तुमी ते दिस कसं काढलं वो?"

औषधाचं तिनं विचारलंच नाही. औषध सरकारी दवाखान्यात मिळतं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं दिवसांचं विचारलं. मी बराच वेळ काहीबाही सांगत बसले, दूध प्या, ऊन घ्या, गोळ्या सोडू नका. ती मान हलवत निघून गेली आणि मला चुटपुट लागली की जे खरं सांगायचं ते राहूनच गेलं. मी ते दिवस एका प्रेमाच्या कादंबरीवर काढले. हे उंबऱ्यात बसलेल्या बाईला कसं सांगायचं? म्हणून लिहून ठेवते आहे. ज्यांच्या घरात हा आजार आलाय त्यांनी वाचावं, आणि ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावं.

मला कुणी सांगितलंच नाही

मी भोरची. वडील कचेरीत कारकून. लग्न होऊन आले ती राजगडाच्या पायथ्याला, पालीजवळच्या एका वाडीत. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. थोरले दीर शेती बघायचे. त्यांची बायको पारूबाई, माझी मोठी जाऊ. माझे यजमान पुण्याला कारखान्यात, शनिवारच्या एसटीनं यायचे. आणि माझी मुलगी, नुकती चालायला लागलेली.

खोकला थंडीपासून होता. चुलीचा धूर म्हणून कुणी लक्ष दिलं नाही, मीही नाही. अडुळशाचा काढा पिऊन पिऊन तोंड कडू झालं. वैशाखात एका सकाळी धुण्याच्या दगडावर खोकले आणि दगड लाल झाला. मी आधी पाणी ओतून दगड धुतला, मग बसले. आधी दगड धुवावा असं का वाटलं, याचं मला अजून नवल वाटतं.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि जे सांगायचं ते यजमानांना सांगितलं. मी तिथंच स्टुलावर बसलेली. जणू खराब झालेलं घड्याळ दुरुस्तीला आणलंय आणि घड्याळाला काय विचारायचं! यजमानांचा पाय तेवढा मला दिसत होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतल्यावर तो पाय थोडा मागं सरकला. त्यांना ते कळलंही नसेल. मला कळलं.

मीच मग विचारलं, "मी मरणार का?"

डॉक्टर वैतागले. "औषध घेतलं नाहीत तर मराल. घेतलंत तर नाही." इतकं सरळ उत्तर मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही. पुढं पुष्कळदा ते कामी आलं.

दवाखाना आणि ते पुस्तकाचं गाठोडं

पहिले काही आठवडे तिथंच ठेवून घेतलं. सकाळी सिस्टर ताप बघायच्या, मग सुई. सुई रोज कुल्ल्यावर, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. बायका एकमेकींना रामराम करायच्या ऐवजी विचारायच्या, "आज कुठली बाजू गं?" मग मूठभर गोळ्या. उशाशी थुंकीचा डबा, त्यात फिनेल. तो डबा प्रत्येकीला आपापला. दुसरीच्या डब्याकडे चुकूनही बघायचं नाही, ही वॉर्डातली रीत होती.

भीती दुपारी यायची. सकाळी कामं असतात, संध्याकाळी भेटायला माणसं. दुपारी खाटेवर पडलं की वरचं कौल दिसतं आणि मुलीचा आवाज कानात येतो. मी वडलांना म्हटलं, वाचायला काहीतरी आणा. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईच्या जुन्या लाल खणात गुंडाळलेलं एक पुस्तक आणलं. मी खण सोडला आणि हसलेच.

ते पुस्तक मी शाळेत असताना इतक्या वेळा वाचलं होतं की त्याचं कव्हर आणि पुढची पानं केव्हाच गळाली होती. नाव मला आज धड आठवत नाही. शिवकाळातली कथा. गडावरच्या सरनोबताची मुलगी गुणवंता, तिचा जीव सुभानराव नावाच्या शिलेदारावर. तो मोहिमेवर जातो. ती वाट बघून बघून झुरते, आजारी पडते, आणि तो घोडा फेकत परत येतो तोवर संपलेली असते. बारा-तेराव्या वर्षी मी त्या शेवटच्या पानावर मनसोक्त रडायचे. आपणही असंच कुणासाठी तरी झिजून झिजून मरावं, असं मला फार वाटायचं. माणसानं काय मागावं याचं भान लहानपणी नसतं.

आता खाटेवर पडून तेच पुस्तक वाचायला घेतलं आणि मला भलतंच दिसायला लागलं. गुणवंता अर्ध्या पुस्तकभर आजारी आहे, पण ती एकदाही खोकत नाही! तिला घाम येत नाही, तिचे केस गळत नाहीत, अंगाला वास येत नाही. ती फक्त गवाक्षात बसते आणि गोरी होत जाते. तिला जेवण कोण भरवत होतं? गडावर पाणी तरी कुठल्या टाक्यातलं द्यायचे, उकळलेलं की तसंच? तिच्या बापानं वैद्य का नाही बोलावला? तुळसा नावाची एक दासी आहे. ती तीनदा येते, तिन्ही वेळा दिवा लावून निघून जाते. मी प्रत्येक पानावर थांबून लेखकाशी भांडत होते. आणि गंमत म्हणजे दुपार कधी टळली ते कळेना. रडण्यासाठी वाचलेलं पुस्तक चौकशीसाठी पुन्हा वाचायला मिळणं, हे दुखण्यातलं पहिलं सुख.

भाताची खोली

आषाढात घरी आले. आत्याबाईंनी पडवीच्या टोकाची भाताची खोली मला दिली होती. धान्याच्या कणग्या एका अंगाला सरकवून खाट टाकलेली. वेगळं ताट, वेगळा तांब्या. मुलगी पारूबाईंच्या कडेवर. दारात लांबून मला दाखवायच्या. एके दिवशी ती त्यांनाच 'आई' म्हणाली. पारूबाई ओशाळून म्हणाल्या, "चुकली गं ती." मी म्हटलं, "म्हणू दे." मग भिंतीकडे तोंड करून खूप रडले. हे असं होतं, ज्यांना व्हायचंय त्यांनी तयारीत असावं. पुढं ती पोर आपोआप परत येते.

खोलीची भिंत कुडाची, वर आढ्यापर्यंत न पोचलेली. त्यामुळे मला घरातलं सगळं ऐकू यायचं, नको तेसुद्धा. नसरापूरहून आत्याबाईंची बहीण आली होती. ती म्हणत होती, "ह्यो रोग घर खातुया, आक्का. हिला बापाकडं धाडून द्या. माझ्या नणंदंची पोर हाय, कामाला वाघीन हाय. तुझ्या ल्योकाचा संसार पुन्ना मांडू." भावकीतले दोघं-तिघं बसले होते, त्यांनीही री ओढली.

यजमान तिथंच होते. शनिवार होता. ते एवढंच म्हणाले, "आई म्हनंल तसं."

त्यांचा राग राग आला. आता येत नाही असं नाही, पण तेव्हा आला तसा परत कधी आला नाही.

थोड्या वेळानं आत्याबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. उशाशी लाल खणातलं पुस्तक होतं, त्याच्याकडे बघत राहिल्या.

"ती पोथी हाय न्हवं तुझी?"

आमच्याकडे पोथी अशीच लाल फडक्यात बांधून ठेवतात. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. अंगात तेवढं त्राण नव्हतं.

"श्रावन लागतुया. औंदा घरात पोथी न्हाई लागली. तूच लाव." मग वळून बहिणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोथी लागली की वाचनाऱ्याला मधनं उठवत न्हाईत. समाप्ती होऊ द्या, मग बलवू हिच्या बापाला."

झालं. माझं या घरातलं राहणं एका बिनकव्हराच्या कादंबरीएवढं लांब उरलं.

वाचणारी आणि अर्थ सांगणारी

गावाकडची पोथी एकट्यानं होत नाही. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. लावणी उरकलेली होती, दुपारच्या बायका मोकळ्या असायच्या. त्या पडवीत बसायच्या, मी खोलीच्या दारात खाटेवर, तोंडावर पदर धरून. डॉक्टरांनी फार बोलू नको म्हणून बजावलेलं, त्यामुळे मी थोडंच वाचायचे. अर्थ सांगायला पारूबाई पुढं झाल्या. त्यांना अक्षरओळख नाही, पण आवाज असा की पल्याडच्या उतारावरची गुरं वळावीत.

मी वाचायचे, "विरहाग्नीने गुणवंतेची काया कापरासारखी झिजत होती, तथापि तिच्या मुखावरील तेज चंद्रालाही लाजवीत होते."

पारूबाई मांडी ठोकून म्हणायच्या, "म्हंजे काय? म्हंजे पोरगी वाळली. जेवान जात नसंल. तोंडावर तेज कसलं, ताप आला आसंल, तापात त्वांड लाल व्हतं. आता हिला भाकर कोन कुस्करून देत व्हतं? तुळसा."

"तुळसा कोन?" कुणीतरी विचारायचं.

"दासी. लिवनाराला तिची आठवन न्हाई, पर तीच सगळं करीत व्हती."

एकीनं विचारलं, "थुकाया डबा व्हता का गं तिला?"

"व्हता तर! तुळसा सकाळच्या पारी न्हेऊन खड्ड्यात पुरायची, वर राख टाकायची. किळस केली तर मानूस कसं वाचंल?"

माझा डबा रोज सकाळी पारूबाईच नेत होत्या, खड्ड्यात पुरत होत्या, वर राख टाकत होत्या. आजवर त्यावर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मी पुस्तकात डोकं घातलं. इतकी लाज आणि इतकी माया एकदम वाटायची ती माझी पहिलीच वेळ.

दवाखान्यात मी जे प्रश्न एकटीच विचारत होते, त्यांची उत्तरं आता पारूबाई भराभर देत होत्या. वैद्य का नाही आला? पूर आला असेल, कानंदी नदी ओलांडता आली नसेल. पाणी? उकळून, गाळून, तुळसेनं. मला इतकी मजा यायची की उद्या काय निघतंय म्हणून मी सकाळपासून दुपारची वाट बघायचे. ताप आलेलाही कधी कधी कळायचा नाही.

मग सुभानरावाच्या आईचं प्रकरण आलं. ती म्हणते, "रुग्ण कन्या माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही." मी हे वाक्य अगदी पुटपुटत वाचलं. समोर आत्याबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

पारूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ह्ये वाईट बाईचं बोलनं न्हवं. ही भ्याली. एकुलता ल्योक लढाईवर, घरात आजार आला तर कुनाकुनाला जपायचं? भ्याल्यालं मानूस आसंच बोलतं."

आत्याबाईंचे हात सुपात थांबले होते. त्या उठून चुलीकडे गेल्या.

श्रावण संपला, पोथी संपेना. मी दोन पानं वाचायचे आणि पारूबाई त्यावर सांज करायच्या. घोडा आला की त्या घोड्याचे दात, खूर, खुराक सगळं सांगायच्या. एक नदी उतरायला सुभानरावाला आठवडा लागला. बायका हसायच्या, "पारे, औंदा दिवाळी गडावरच का?" मला कळत होतं की जाऊबाई माझ्यासाठी वेळ काढतायत. गौरी-गणपती आले, गेले. भोरला परत फोटो काढला. डॉक्टर म्हणाले डाग आकसतोय, वजन वाढलंय, पण औषध अजून पुष्कळ दिवस. मी घरी येऊन सांगितलं. तरी माझं ताट वेगळंच राहिलं. आतला फोटो लोकांना दिसत नाही ना, त्यांना खाटेवरची बाई दिसते.

समाप्ती

दसऱ्याच्या सुमाराला हळवं, लवकर पिकणारं भात कापायला आलं. नवा दाणा ठेवायला खोली लागणार होती. पुस्तकाचीही चारच पानं उरली, पारूबाई किती ताणणार? नसरापूरच्या मावशी पुन्हा येऊन बसल्या. कंडक्टरच्या हाती भोरला सांगावा गेला आणि रविवारी वडील आले, बरोबर माझे कपडे न्यायला एक रिकामी ट्रंक.

ते पडवीत टेकले, समोर पाटावर लाल खण बघितला, त्यावर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं बघितली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तशा वेळीही मला हसू फुटलं. पुस्तक त्यांचंच होतं. ते माझ्याजवळ वाकून कुजबुजले, "अगं, शेवट ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"मग काय वाचणार आहेस?"

मी गुणवंतेला जगवायचं ठरवलं होतं. कोण बघायला येणार होतं? रात्रंदिवस मनात जुळवून ठेवलं होतं की सुभानराव वैद्याला घोड्यावर घालून आणतो, वगैरे. पण पुस्तक उघडलं आणि त्या सगळ्यांकडे बघितलं, तेव्हा मला वेगळीच ओढ लागली. इतके दिवस जिला या बायकांनी भाकर भरवली, ती मेल्यावर त्या काय करतील? मला ते बघायचंच होतं. माझं काय व्हायचं ते होवो.

मी आहे तसं वाचलं. पहाट होते. गुणवंता बापाच्या घरात, गवाक्षाशी, डोळे मिटते. सुभानराव गड चढून येतो आणि आपलं पागोटं तिच्या पायांशी ठेवतो. संपलं.

पारूबाईंनी अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि पदर डोळ्यांना लावला. दुसरी एक बाई रागानं म्हणाली, "आन तुळसा कुठं गेल्ती तवा?"

आत्याबाई म्हणाल्या, "फळ वाच."

पोथीच्या शेवटी फळ असतं. ही कथा जो ऐकेल त्याला अमुक मिळेल, तमुक टळेल. ते ऐकल्याशिवाय कुणी उठत नाही. मी पान उलटलं. पाठीमागं केसांच्या तेलाची जाहिरात होती. वडिलांनी मान खाली घातली.

"आत्याबाई, ह्यात फळ दिलेलं नाही."

"दिल्यालं न्हाई?" त्या उठल्या. "मग आपुन देऊ. ती पोर मेली कुठं? बापाच्या घरी. का? तर सासूनं घरात घेतली न्हाई. हितं आसती तर चार बाया व्हत्या, सुया व्हत्या, दूध व्हतं. जी सासू ही पोथी आयकंल तिनं आपली सून बाहीर काढू न्हाई. ह्येच फळ." आणि त्यांनी दगडावर नारळ फोडला.

मावशी काहीतरी बोलायला गेल्या. आत्याबाईंनी त्यांच्या हातात खोबरं ठेवलं. मग वडिलांना म्हणाल्या, "व्याही, जेवून जावा. भात वट्यावर ऱ्हाईल औंदा. पोरगी हाय तितंच ऱ्हाईल."

यजमानांनी रिकामी ट्रंक उचलून वडिलांच्या हातात दिली. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. जेवायला बसेपर्यंत वडील ती मांडीवर घेऊन बसले होते.

मागाहून

मी औषध पूर्ण केलं. मधे सोडावंसं कितीदा वाटलं, पोटात नुसता डोंब उसळायचा, तरी सोडलं नाही. हे मात्र मी उंबऱ्यातल्या बाईला सांगितलं आहे आणि इथंही सांगते, बरं वाटलं म्हणून औषध सोडू नये. दोन वर्षांनी डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीत धरला आणि या वेळी माझ्याशी बोलले.

बऱ्याच वर्षांनी एकदा आत्याबाई आणि मी पडवीत वाल सोलत होतो. त्या आता थकल्या होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्हाला एक सांगायचंय. ती पोथी नव्हती."

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "मला वाचता येत न्हाई. आयकाया येतं. पोथीत कुठं बाप्या बाईच्या डोळ्यात बघत दोन-दोन दिस हुबा ऱ्हातो?"

मी गारच झाले. "मग तेव्हा काही बोलला नाहीत ते?"

"काय बोलू? भैन एका अंगानं, भावकी एका अंगानं. ठिवून घ्यावी तर नातीला काय झालं तर? घालवावी तर जीव धजंना. म्हनलं, पोथी लागली म्हनलं की कुनी उठवीत न्हाई. तवर दिसंल, तू जगतीस का मरतीस."

मला राग यावा की रडू, ते कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पण खरं तर जाऊबाईंमुळेच वाचले मी. त्यांनी अर्थ एवढा लांबवला नसता तर श्रावणातच संपलं असतं."

"हां," आत्याबाई म्हणाल्या. "पारूला म्याच सांगितलं व्हतं, लांबव म्हनून."